पत्ता गाळलेलं गाणं

आपले काही दोस्त म्हणतात, पॉप गाणं म्हणजे भरल्या पोटाची करमणूक. चळवळीला त्याचा काय उपयोग? त्यांनी सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' ऐकावं. 1972 साली मुंबईत दलित पँथर ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन उभी राहिली, त्या काळ्या माणसांचं हे गाणं.

सॅम कुक 1931 चा, मिसिसिपीतला. शिकागोत वाढला. बाप चर्चमधला उपदेशक. पोरगा आधी देवाची गाणी गायचा, मग बाजारात उतरला. प्रेमाची, नाचाची गाणी. गोरी पोरंही त्याच्या रेकॉर्डी घेत. पैसा आला, गाडी आली, स्वतःची रेकॉर्ड कंपनी आली. माणसाला वाटावं, आता कोण विचारतो रंग!

8 ऑक्टोबर 1963. लुइझियाना राज्यातलं श्रीव्हपोर्ट शहर, हॉलिडे इन. खोल्या फोनवरून आधीच ठरवलेल्या. दारात काळा माणूस दिसला आणि खोल्या एकदम भरल्या! तो भांडला. पोलिसांनी पकडलं कुणाला? त्यालाच. आरोप शांतताभंगाचा. हे आपल्याला नवं आहे का?

त्याच वर्षी त्यानं बॉब डिलनचं 'ब्लोइन इन द विंड' ऐकलं होतं. असं गाणं एका गोऱ्या पोरानं लिहावं आणि आपण नाही, हे त्याला लागलं होतं. दोन्ही सल एकत्र आले. 30 जानेवारी 1964 ला हॉलिवूडमध्ये गाणं रेकॉर्ड झालं.

रेने हॉलनं वाद्यमेळ थाटाचा केलाय. व्हायोलिनं, फ्रेंच हॉर्न, टिंपनी. पण आवाज चर्चमधलाच, पोटातून ओढलेला. आणि शब्द? चर्चमध्ये वाढलेला हा गडी सांगतो, आभाळापलीकडं काय आहे ते मला ठाऊक नाही. म्हणजे स्वर्गाचा वायदा नाही. बदल यायचा तो इथंच, जमिनीवर. पुढं तो भावाकडं मदत मागायला जातो आणि भाऊच त्याला परत गुडघ्यावर आणतो. दोन वर्षांत पँथर फुटलेली ज्यांनी पाहिली, त्यांना ही जागा समजावून सांगावी लागत नाही. म्हणून हे नुसतं आशेचं गाणं नाही. शंका, थकवा, आपल्याच माणसाचा घाव, सगळं पचवून ते उभं राहतं.

11 डिसेंबर 1964 ला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात गोळी लागून सॅम कुक मेला. वय 33. अकरा दिवसांनी हे गाणं सिंगल म्हणून निघालं, तेही 'शेक' या नाचाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला. आणि त्यातलं एक कडवं गाळलेलं! कोणतं? सिनेमाला जावं, शहरात जावं, तर इथं रेंगाळू नकोस म्हणून हाकलतात, ते. दुःख ठेवलं, दुःखाचा पत्ता काढला.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रस्थापितांना आपली वेदना चालते. रडा, ते टाळ्या देतील. पण कुठल्या दारातून, कुणी हाकललं, हे सांगितलं की त्यांचा घास अडकतो. बडोद्यात पारशी सरायीतून काठ्या घेतलेल्या टोळक्यानं बाबासाहेबांना बाहेर काढलं. बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलं, गावाच्या नावासकट.

सॅम कुकचं गाणं मेलं नाही. 1965 साली ओटिस रेडिंग ते गायला, 1967 साली अरेथा फ्रँकलिन गायली. 2007 साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं ते जतन करायच्या यादीत घेतलं. 2008 च्या विजयाच्या रात्री ओबामांच्या भाषणात त्याचे पडसाद उमटले. पण मला मोठं वाटतं ते 2019 सालचं. श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी त्या हॉटेलच्या प्रकाराबद्दल सॅम कुकच्या घरच्यांची माफी मागितली. छप्पन वर्षांनी. गाव, तारीख, हॉटेल लोकांच्या ध्यानात होतं म्हणून मागावी लागली. नुसत्या दुःखाची कोण माफी मागतो?

आता आपल्याही कविता मोठ्या मासिकांत येतात, कॉलेजात शिकवतात. उद्या कुणी संपादक गोड बोलून म्हणेल, कविता सुंदर आहे, गावाचं नाव तेवढं काढा. तेव्हा ते गाळलेलं कडवं आठवा. कविता परत आणा, आपल्या अंकात छापू.

जयभीम.