जन्माचे गुपित : नवनाथ, कर्ण आणि जिन योंग

श्रोतेहो, आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्याने विचारले, "कड्यात बसून चिनी कादंबऱ्या कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण जरा आजूबाजूला बघा. आपल्या आष्टी तालुक्यातच सावरगावला मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथांची समाधी. तिकडे पाथर्डीजवळ मढीला कानिफनाथ. जिल्ह्यातच येवलवाडीला जालिंदरनाथ आणि गहिनीनाथगडावर गहिनीनाथ. आपण बसलोय ते मराठीतल्या सगळ्यात मोठ्या अद्भुतकथेच्या मुलखात.

'नवनाथ भक्तिसार' हा मालू कवीचा ग्रंथ शके १७४१चा, म्हणजे १८१९चा. श्रावणात घरोघर त्याचे पारायण होते. पोथी म्हणून आपण तिला हात जोडतो. कथा म्हणून वाचायचे राहून जाते. गोरक्ष आणि कानिफा आंब्याच्या बागेत भेटतात तो प्रसंग आठवा. दोन वेगवेगळ्या गुरूंचे शिष्य, दोघेही वाटसरू. आधी विद्येची चढाओढ होते. मग एक दुसऱ्याला सांगतो, तुझा गुरू स्त्रीराज्यात अडकलाय. दुसरा सांगतो, तुझा गुरू खड्ड्यात घोड्याच्या लिदीखाली पुरलाय. आधी ताकद अजमावायची, मग खबर द्यायची. चिनी वाचक हा प्रसंग वाचून म्हणेल, हे तर आमचेच!

त्यांच्याकडे या प्रकाराला 'वूश्या' म्हणतात. 'वू' म्हणजे शस्त्रविद्या. 'श्या' म्हणजे ती विद्या दुबळ्याच्या बाजूने वापरणारा. या माणसांच्या जगाला ते 'च्यांगहू' म्हणतात. शब्दशः अर्थ नद्या आणि सरोवरे. दरबार आणि कचेरीच्या बाहेरचे, रस्त्यावरचे जग. या प्रकारातला सर्वांत मोठा लेखक जिन योंग (१९२४–२०१८). माणूस हाँगकाँगचा वर्तमानपत्रवाला; १९५९ला त्याने स्वतःचे 'मिंग पाओ' दैनिक काढले. १९५५ ते १९७२ या काळात वर्तमानपत्रांतून रोज एक हप्ता, असे त्याचे लेखन झाले. आम्ही ते इंग्रजीतून वाचले, काही छापील, काही वाचकांनी हौसेने केलेल्या भाषांतरांतून. तेव्हा भाषेच्या सौंदर्याबद्दल आम्ही बोलणार नाही. आम्हाला बोलायचेय एकाच गोष्टीबद्दल. जन्माबद्दल.

आपल्याकडे नवखा माणूस गावात आला की पहिला प्रश्न काय? "कुणाचा रे तू?" मग आडनाव. मग आडनावावरून पुढचे सगळे. अद्भुतकथेत हाच प्रश्न गुपित होऊन बसतो. नायक अनाथ असतो, आणि शेवटी कळते की तो कुणाचा तरी आहे.

नाथांचे जन्म बघा. मच्छिंद्र मासोळीच्या पोटी, कानिफा हत्तीच्या कानात, गहिनी मातीच्या पुतळ्यातून. आणि गोरक्ष? आईने प्रसादाचे भस्म उकिरड्यावर टाकले, बारा वर्षांनी गुरूने हाक मारली आणि पोरगा बाहेर आला. उकिरड्याला आडनाव नसते! गुरूची हाक हाच जन्म. यापेक्षा धीट कल्पना आम्हाला मराठीत फारशा आढळल्या नाहीत. पण कवीचा धीर पुरत नाही. तो पहिल्यापासूनच सांगून ठेवतो की हे नऊही जण नवनारायणांचे अवतार आहेत. म्हणजे उकिरड्यावरही शेवटी उच्च कुळच निघाले. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले.

कर्णाचे तेच. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ची. ती वाचताना डोळे पाणावले नाहीत असा मराठी वाचक विरळा; आम्हीही त्यातलेच. पण रडू कशासाठी येते, ते तपासा. सूतपुत्र म्हणून त्याला हिणवले याचे दुःख की तो सूतपुत्र *नसताना* हिणवले याचे? अंगावरची कवचकुंडले वाचकाला सतत सांगत राहतात की हा खरा कुणी दुसराच आहे. तो अधिरथाचाच मुलगा असता तर अपमान रास्त ठरला असता काय? ही कादंबरी तो प्रश्न आपल्याला पडूच देत नाही. रणजित देसाईंनी निदान पुस्तकाचे नाव 'राधेय' ठेवले, आईच्या बाजूने. गंमत म्हणजे व्यासांचा कर्ण या दोघांच्याही पुढे आहे. उद्योगपर्वात कृष्ण जन्माचे गुपित सांगतो, तेव्हा तो म्हणतो की माझे जातकर्म अधिरथाने केले, माझ्या बायका सूतांच्या, माझे नाते तिथे आहे. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये कर्णावरच्या लेखाला 'मी कोण?' असे नाव दिले, ते नेमके आहे.

आता जिन योंगची १९६३ ते ६६ मधली कादंबरी घ्या. नावच बौद्ध ग्रंथांतले : देव, नाग, यक्ष, गंधर्व वगैरे आठ गण. म्हणजे आपल्याकडूनच गेलेले. त्यात छ्याओ फंग हा भिकाऱ्यांच्या पंथाचा प्रमुख, सोंग राज्याचा लाडका वीर. एके दिवशी भर सभेत एक जुने पत्र वाचले जाते. हा चिनी नाहीच. शत्रूच्या, खितान जमातीच्या पोराला चिनी शेतकऱ्याने वाढवलेय. कालपर्यंत पाया पडणारे आज तलवार उपसतात. कर्णाला गुपिताने राज्य देऊ केले. याच्याकडचे होते नव्हते ते गेले. पुढे तर पाळणाऱ्या आईबापांचा खून होतो, आणि खुनी निघतो जन्मदाता बाप. जन्मदाता आणि पाळणारा यांतला झगडा इतका उघडा करून दाखवणारा लेखक आम्ही दुसरा वाचला नाही.

शेवटी तो खितानांकडे जातो, मान मिळवतो, आणि सोंगवर स्वारी करायची वेळ येते तेव्हा आपल्याच बादशहाला पकडून स्वारी न करण्याची शपथ घ्यायला लावतो. मग शपथेसाठी मोडलेल्या बाणाचे तुकडे स्वतःच्या छातीत खुपसतो. कर्ण मित्राशी एकनिष्ठ राहिला, त्यासाठी अधर्माच्या बाजूने लढला. याने दोन्हीकडच्या लोकांना वाचवले आणि दोन्हीकडून परका राहिला. नीतीच्या दृष्टीने आम्हाला हा मोठा वाटतो. हे इथे बोलणे धाडसाचे आहे, ठाऊक आहे.

जिन योंगही पूर्ण सुटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. छ्याओ फंगचा बाप शेवटी मोठा योद्धाच निघतो. त्याचा शपथभाऊ द्वान यू राजाच्या भावाचा मुलगा नाही असे कळते, पण खरा बाप जुना युवराज! म्हणजे रक्त परत राजघराण्याचेच. चीनमध्येही "कुणाचा?" सुटत नाही. मात्र त्याच कादंबरीत शाओलिन मठाच्या ग्रंथालयात झाडू मारणारा एक म्हातारा भिक्षू आहे. सगळ्या महावीरांना तो सहज नमवतो. त्याला लेखकाने कूळ दिले नाही, साधे नावही दिले नाही.

आणि शेवटची कादंबरी, १९६९ ते ७२. नायक वेई श्याओबाओ. वेश्येचा मुलगा, लबाड, विद्या शून्य. शेवटच्या प्रकरणात तो आईला विचारतो, माझा बाप कोण? आई आठवून सांगते : तेव्हा गिऱ्हाइके पुष्कळ होती. हान होते, मांचू होते, मंगोल होते, हुई होते, एक तिबेटी लामाही होता. यानंतर जिन योंगने नवी कादंबरी लिहिली नाही.