हेडसेटमधला प्रेक्षक नेमका कोण?

अलेहांद्रो इन्यारितू यांच्या ‘कार्ने इ अरेना’त शिरण्याआधी प्रेक्षकाला बूट-मोजे काढावे लागतात. थंडगार खोलीत एकट्यानं बसायचं आणि भोंगा वाजला की पुढच्या दालनात जायचं. तिथं पायाखाली खरी वाळू असते. हेडसेट चढवला की समोर मेक्सिको-अमेरिका सीमेवरचं वाळवंट, अंधूक उजेड आणि चालून थकलेल्या स्थलांतरितांचा जथा. पाठोपाठ हेलिकॉप्टरचा घरघराट आणि रोखलेल्या बंदुका. त्या जथ्यातल्या एखाद्या माणसाच्या फार जवळ गेलं तर त्याच्या छातीत धडधडणारं हृदय दिसतं. सगळं मिळून जेमतेम साडेसहा मिनिटं. २०१७च्या कान महोत्सवात ही कृती आली आणि त्याच वर्षी तिला विशेष ऑस्कर मिळालं.

आभासी वास्तवाच्या, म्हणजे व्हीआरच्या, कलेनं गाठलेली उंची मोजायची तर इथून सुरुवात करावी. तंत्राचा इतिहास याहून बराच जुना. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचा पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. २०१४ मध्ये फेसबुकनं ऑक्युलस ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतली आणि या क्षेत्रात पैशाचा पूर आला. यंत्रं हलकी झाली, चित्र स्वच्छ झालं. कलेपुढचा प्रश्न मात्र सुटला नाही: हेडसेट घातलेला माणूस त्या दृश्यात कोण आहे, आणि तो तिथं कशासाठी आला आहे?

२०१५ मधला ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हा लघुपट या प्रश्नाला बगल देतो. जॉर्डनमधल्या झातारी छावणीतली बारा वर्षांची सीरियन मुलगी सिद्रा आपलं जगणं सांगते. प्रेक्षक तिच्या घरात, वर्गात, मुलांच्या घोळक्यात उभा असतो. सहदिग्दर्शक ख्रिस मिल्क यांनी त्याच वर्षी व्हीआरला सहवेदना जागवणारं यंत्र म्हटलं आणि ती कल्पना जगभर गाजली. लघुपट प्रामाणिक आहे, पण कल्पना फसवी आहे. पाहणारा पट्टा सैल करून कधीही उठू शकतो. सिद्राला ती सोय नाही. शेजारी उभं राहिल्यानं दुसऱ्याचं दुःख कळतंच असं नाही, आणि ते कळल्याचा भास तर अधिकच वाईट.

अडचण कारागिरीचीही आहे. चहूबाजूंनी चित्रीकरण करायचं म्हटलं की दिग्दर्शकाच्या हातून चौकट जाते. कुणाच्या चेहऱ्यावर नजर खिळवायची तर क्लोजअपचा आधार नाही; प्रेक्षक त्याच क्षणी मागची भिंत पाहत असेल. त्यामुळे मान वळवायला लावण्याचं काम आवाजाला करावं लागतं. कॅमेरा धावला आणि शरीर खुर्चीतच राहिलं, तर डोळे आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव यांचा मेळ बसत नाही आणि मळमळू लागतं.

या सगळ्या मर्यादांना ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस: इन्टू डार्कनेस’ (२०१६) या कृतीनं दिलेलं उत्तर आजही सर्वांत सुंदर वाटतं. दृष्टी गेल्यावर जॉन हल यांनी १९८०च्या दशकात कॅसेटवर बोलून ठेवलेली रोजनिशी हा तिचा आधार. प्रेक्षक बागेतल्या बाकावर आहे आणि सभोवती अंधार. पावलं वाजतात तेव्हा चालणाऱ्या माणसाची निळसर ठिपक्यांची आकृती उमटते. आवाज थांबला की तीही विरते. वर्तमानपत्राची सळसळ, मुलांचा गलका, पाखरांची फडफड, जे ऐकू येतं तेवढंच जग. चहूकडे सगळं दाखवता येणाऱ्या माध्यमात इथं बहुतेक सगळं झाकून ठेवलं आहे, आणि प्रेक्षक कोण हा प्रश्नच उरत नाही: तो ऐकणारा आहे.

मुंबईतही असे प्रयत्न झाले. आनंद गांधी यांच्या मीमेसिस कल्चर लॅबनं २०१६ मध्ये ‘एल्सव्हीआर’ हे व्हीआर व्यासपीठ सुरू केलं. त्यावरचा खुशबू रांका यांचा ‘राइट टू प्रे’ हा माहितीपट त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात प्रवेश मागणाऱ्या स्त्रियांसोबत जातो. विषयाची निवड नेमकी आहे: कोण कुठवर जाऊ शकतो, हाच जिथं वाद आहे, तिथं प्रेक्षकाला मधोमध उभं करण्याला अर्थ आहे.

अ‍ॅपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरना बाजारात आला. खऱ्या खोलीवर आभासी वस्तू मांडण्याची त्याची करामत डोळे दिपवते. कला म्हणून त्यातून अजून फारसं हाती आलेलं नाही. त्यासाठी बनवलेल्या एडवर्ड बर्गर यांच्या ‘सबमर्ज्ड’ या लघुपटातली पाणबुडीची कोंदट बोळकांडी अंगावर येते खरी, पण कथा सांगण्याची रीत जुन्या सिनेमाचीच आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. व्हीआर कथा बनवणारा ऑक्युलस स्टोरी स्टुडिओ २०१७ मध्ये बंद झाला, गूगल स्पॉटलाइट स्टोरीज २०१९ मध्ये. गूगलनं पुठ्ठ्याच्या ‘कार्डबोर्ड’ हेडसेटची विक्री २०२१ मध्ये थांबवली. यंत्र गेलं की त्यावर चालणारी कृतीही जाते. ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी दोनच रिळं आपल्याकडे उरली आहेत, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं भारतीय व्हीआर कृती, त्या चालवणाऱ्या हेडसेटांसह, आत्ताच जमवायला घ्याव्यात. त्यांचे कर्ते आज हयात आहेत, फायलीही अजून त्यांच्यापाशी सापडतील.