‘आहे’ आणि ‘असते’ : लूप-उपकरणाच्या एका सुधारणेचे परीक्षण

लिनक्स कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये ‘लूप’ नावाचे एक उपकरण आहे. त्यास उपकरण म्हणावयाचे ते केवळ उपचाराने. कारण हातात घेता येईल असे त्यात काहीच नाही. डिस्कवरील एखादी साधी फाइल घ्यावी आणि ती फाइल म्हणजेच एक स्वतंत्र डिस्क आहे असे कर्नलच्या उरलेल्या भागांस भासवावे, एवढेच त्याचे काम. थिओडोर त्सो यांनी १९९३ साली ते लिहिले. सीडीची प्रतिमा-फाइल सीडीवाचून उघडून पाहणे हा त्याचा जुना उपयोग होय. उबुंटूमधील स्नॅप-पुड्या ह्याच मार्गाने जोडल्या जातात, आणि अँड्रॉइड १० (२०१९) मध्ये आलेल्या एपेक्स-पुड्याही ह्याच मार्गाने जोडल्या गेल्या. तेव्हा विषय आडवाटेचा वाटला तरी वापर आडवाटेचा नाही.

ह्या उपकरणाची जुनी रीत अशी होती. वरच्या फाइल-व्यवस्थेकडून ‘अमुक ब्लॉक वाच’ किंवा ‘अमुक ब्लॉक लिही’ अशी मागणी आली की लूप ती कर्नलच्या एका स्वतंत्र धाग्याच्या हवाली करी. तो धागा खालची फाइल एखाद्या सामान्य प्रोग्रामप्रमाणे पेज कॅशच्या द्वारे वाची अथवा लिही. परिणामी एकच मजकूर स्मृतीत दोनदा राही, एकदा वरच्या व्यवस्थेच्या नावे व एकदा खालच्या फाइलीच्या नावे. हा अपव्यय झाला. लेखनातील दोष त्याहून गंभीर होता. मजकूर खालच्या पेज कॅशमध्ये पोचला की ‘लिहून झाले’ असे उत्तर वर जाई. वस्तुतः तो डिस्कवर उतरलेला नसे. वरच्या व्यवस्थेचे जर्नल हे क्रमावर उभे असते : आधी नोंद, मग कृती. खाली तो क्रम पाळला जाण्याची हमी नसेल, तर ऐन वेळी वीज गेल्यावर जर्नल असूनही हिशेब जुळत नाही.

२००८ च्या जानेवारीत जेन्स अ‍ॅक्सबो यांनी ह्यावर एक सुधारणा चर्चेसाठी मांडली. तिचा गाभा थोडक्यात सांगता येतो. फाइलीचा कोणता भाग डिस्कवरील कोणत्या ब्लॉकांत आहे हे खालच्या फाइल-व्यवस्थेस ‘बीमॅप’ ह्या जुन्या प्रश्नाने विचारता येते. लूपने हे उत्तर एकदा विचारावे, सलग पट्ट्यांच्या रूपाने आपल्यापाशी जपून ठेवावे, आणि पुढच्या मागण्या फाइलीच्या वाटेस न जाता थेट खालच्या डिस्ककडे वळवाव्यात. पेज कॅश टळतो, दुहेरी साठवण टळते, आणि ‘लिहून झाले’ हे उत्तर प्रत्यक्ष डिस्ककडून येते. फाइलीत जेथे पोकळी असेल, म्हणजे जेथे अद्याप ब्लॉकच दिलेला नसेल, तेथे मात्र जुन्या मार्गाने जाऊन ती भरावी.

ही कल्पना देखणी आहे यात शंका नाही. तिच्या वेगाची चर्चा पुष्कळ करता येईल. परंतु प्रस्तुत लेखकास तिच्यातील अडचण मूलतः भाषिक स्वरूपाची वाटते. मराठीत ‘पुस्तक कपाटात आहे’ आणि ‘पुस्तक कपाटात असते’ ही दोन वाक्ये आपण सहसा अदलाबदल करून वापरीत नाही. पहिले वाक्य ह्या क्षणाची स्थिती सांगते. बोलणारा खोलीबाहेर गेल्यावर कोणी पुस्तक नेले, तर त्याच्यावर खोटेपणाचा आरोप येत नाही. दुसरे वाक्य रीत सांगते, आणि रीत सांगणारा पुढच्या काळाचीही काही जबाबदारी पत्करतो. बीमॅपचे उत्तर पहिल्या प्रकारचे आहे. ‘हा भाग अमुक ब्लॉकात आहे’ एवढेच ते म्हणते. सुधारणेने ते ‘असते’ असे ऐकले, आणि त्या ऐकण्यावर लेखनाची सारी इमारत उभी केली. प्रश्नोत्तराच्या रचनेत काळ व्यक्त करण्याची सोयच नाही. तेथे एक आकडा येतो आणि आकड्यास क्रियापद नसते. ‘नकाशा’ हा शब्दही येथे फसवा ठरतो. डोंगराचा नकाशा आणि आठवडी बाजारातील पथाऱ्यांचा नकाशा हे दोन्ही नकाशेच, पण दुसरा पुढच्या आठवड्यास चालत नाही.

हा शब्दच्छल नव्हे हे एका उदाहरणाने दिसेल. ईएक्सटी-४ ह्या फाइल-व्यवस्थेत फाइलीचे विखुरलेले ब्लॉक चालू स्थितीतच हलवून सलग करण्याची सोय २००९ साली, कर्नलच्या २.६.३१ ह्या आवृत्तीत आली. समजा, लूपने आपला नकाशा जपून ठेवला आहे आणि त्याच्या नकळत खालची फाइल अशी हलविली गेली. जुने ब्लॉक मोकळे झाले. व्यवस्थेने ते दुसऱ्या कोणाच्या फाइलीस दिले. लूप मात्र जुन्याच पत्त्यावर लिहीत राहील. म्हणजे ज्या मनुष्याचा ह्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही त्याचा मजकूर नष्ट होईल, आणि कोठेही चुकीची सूचना उमटणार नाही. कारण प्रत्येक घटक आपापल्या परीने बरोबरच वागला आहे. बीटीआरएफएसची गोष्ट आणखी निराळी. तेथे लेखन सामान्यतः नव्या जागी होते, एक व्यवस्था अनेक डिस्कांवर पसरू शकते, आणि बीमॅपला ती उत्तरच देत नाही. एक्सएफएस ही व्यवस्था दोन फाइलींत सामाईक असू शकणाऱ्या ब्लॉकांबाबत शून्य सांगते. पण शून्य म्हणजे पोकळी असाही अर्थ रूढ आहेच. ‘तेथे काही नाही’ आणि ‘तुला सांगणार नाही’ ह्या दोहोंस एकच शब्द वापरणारी भाषा विश्वासाच्या कामी कशी यावी?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. स्वॅप-फाइलीचा व्यवहार कित्येक वर्षे नेमका ह्याच रीतीने चालत आला आहे. स्वॅप सुरू होताना कर्नल त्या फाइलीचे सर्व पट्टे बीमॅपद्वारे विचारून घेतो आणि पुढे फाइल-व्यवस्थेस न विचारता त्या ब्लॉकांवर लिहितो. मग तेथे अनर्थ का होत नाही? कारण स्वॅप सुरू करताना त्या फाइलीवर एक खूण केली जाते, आणि ती खूण असेपर्यंत फाइल कापता येत नाही, तिच्यात इतरांस लिहिता येत नाही. ईएक्सटी-४ ची ती हलविण्याची सोयदेखील अशा फाइलीस नकार देते. ‘आहे’चे ‘असते’ येथेही केले आहे; पण ते गृहीत धरून नव्हे, करार करून. तेव्हा दोष बीमॅपवर ढकलणे अन्यायाचे होईल. कराराशिवाय त्याचे उत्तर जपून ठेवणे हा दोष.

ही सुधारणा कर्नलच्या मुख्य प्रवाहात आली नाही. लूपचे पुढील वळण निराळे झाले. मिंग लेई यांच्या कामामुळे २०१५ साली, ४.० ह्या आवृत्तीत, त्याची मागण्या हाताळण्याची पद्धत बदलली. आणि जानेवारी २०१६ मधील ४.४ ह्या आवृत्तीत फाइल पेज कॅश टाळून थेट वाचण्या-लिहिण्याची सोय आली. ह्या मार्गात दुहेरी साठवण टळते; परंतु पत्ता जपून ठेवला जात नाही. प्रत्येक मागणीस फाइल-व्यवस्थेला विचारावे लागते, आणि जी व्यवस्था फाइल हलविते तीच पत्ता सांगते, म्हणून शिळा पत्ता उरत नाही. २००८ च्या योजनेइतकी ही वाट आखूड नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही आम्ही तिचीच बाजू घेऊ. खटकते ते इतकेच की ही सोय मागितल्यावाचून मिळत नाही. न मागणाऱ्याच्या वाट्यास अजूनही पेज कॅशची दुहेरी साठवण येते.

तथापि मूळ कल्पना वाया गेली असेही नाही. एफ-टू-एफएस ही फाइल-व्यवस्था आपल्या सफाईच्या वेळी ब्लॉक सतत हलवीत असते. तिच्यात एखादी फाइल जागी खिळवून ठेवण्याची सोय २०१८ साली आली. अँड्रॉइड ११ (२०२०) मधील अद्ययावतीकरणाची पद्धत अशा खिळविलेल्या फाइलीचे पट्टे विचारून घेते आणि त्यांवर सरळ एक ब्लॉक-उपकरण रचते. २००८ ची योजना आणि ही योजना यांत यांत्रिक फरक फारसा नाही. फरक आहे तो खिळ्याचा. एक्सएफएसने जाळ्यावरील पीएनएफएस ह्या वाटपासाठी २०१५ साली तिसराही प्रकार स्वीकारला : दूरच्या संगणकास ब्लॉकांचा नकाशा द्यावयाचा, पण तो परत मागण्याचा अधिकार राखून. ‘आहे, बदलण्यापूर्वी कळवीन’ असे हे उत्तर आहे, आणि भाषेच्या दृष्टीने तिन्हींत तेच सर्वांत काटेकोर म्हणावे लागेल. फाइल कायमची खिळविणे न परवडणाऱ्या लूपसारख्या उपकरणास असेच उत्तर हवे होते. त्या दिशेने लूपची रचना अद्याप झालेली नाही.