एरंडेल अडलं म्हणजे जुलाब थांबले का?

‘अमुक वनस्पतीच्या अर्काचा उंदरांमधील अतिसारविरोधी परिणाम’ अशा शीर्षकाचे शोधनिबंध शोधायला बसलात तर ढिगाने सापडतील. पेरूची पानं, डाळिंबाची साल, कुड्याची साल; वनस्पती बदलते, पद्धत बहुधा तीच. आज त्या पद्धतीकडेच जरा नीट बघू.

उंदरांना उपाशी ठेवून त्यांचे गट पाडतात. एका गटाला नुसतं पाणी, एकाला लोपेरामाइड हे नेहमीचं औषध, बाकीच्यांना अर्काचे चढते डोस. तासाभराने सगळ्यांना एरंडेल पाजतात. मग पिंजऱ्याखाली कागद अंथरून चार तास ओल्या विष्ठेचे डाग मोजतात. डाग कमी पडले की वनस्पती गुणकारी!

पहिली गोम क्रमातच आहे. अर्क आधी, एरंडेल नंतर. जुलाब लागल्यावर औषध शोधणारा माणूस या प्रयोगात कुठेच नाही.

दुसरी गोम जास्त महत्त्वाची. एरंडेल आतड्यात गेल्यावर लायपेज हे पाचकद्रव्य ते फोडतं आणि रिसिनोलेइक आम्ल मोकळं होतं. 2012 साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की हे आम्ल आतड्याच्या स्नायूंमधल्या ईपी3 नावाच्या रिसेप्टरवर काम करतं. हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांना एरंडेलाने जुलाब झालेच नाहीत. आता सांगा, अर्काने नेमकं काय केलं? लायपेज अडवलं? रिसेप्टर अडवला? की आतड्याची हालचालच मंदावली? नुसत्या डागांच्या आकड्यावरून हे वेगळं काढता येत नाही. लायपेज अडवलं असेल, तर तो एरंडेलावरचा उतारा झाला. पटकीमध्ये एरंडेल नसतं! तिथे जंतूंच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहतात आणि त्यामागोमाग पाणी जातं.

डोसचंही गणित करून बघा. उंदराला 400 मिग्रॅ प्रतिकिलो दिले, तर माणसासाठी ढोबळमानाने 12 ने भागायचं. 60 किलोच्या माणसाला साधारण 2 ग्रॅम सुका अर्क. पानांच्या वजनाच्या दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर एका वेळेला 20 ग्रॅम सुकी पानं. शिवाय अर्क बऱ्याचदा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो. घरचा काढा पाण्यात होतो. दोन्हींत तीच द्रव्यं उतरतील असं नाही.

आणि डाग मोजणाऱ्याला कुठला पिंजरा कुठल्या गटाचा हे ठाऊक होतं का? निबंधात त्याचा उल्लेख नसेल, तर आकडे जपूनच घ्या.

म्हणजे वनस्पतींवर काम करणं व्यर्थ का? मुळीच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या क्रोटॉन लेचलेरी या झाडाच्या लाल चिकापासून क्रोफेलेमर हे औषध आलं. ते क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या मार्गांवर काम करतं हे दाखवलं गेलं, माणसांवर चाचण्या झाल्या. 2012 च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली तीसुद्धा मर्यादित: एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या प्रौढांच्या, संसर्गामुळे न झालेल्या जुलाबांसाठी. दावा पुराव्याएवढाच.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगतेय? कारण असे निबंध ‘विज्ञानानेही सिद्ध झालं’ म्हणून फिरत फिरत घरात येतात, आणि घरात जुलाब लागलेलं लहान मूल असतं. त्याला मुख्य धोका अंगातलं पाणी आणि क्षार जाण्याचा असतो. डाग कमी दिसले म्हणजे ते भरून निघाले असं नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलाला तर खुद्द लोपेरामाइडही देत नाहीत. त्याला ओआरएस लागतं, झिंक लागतं, डॉक्टर लागतो.

तेव्हा असा निबंध हाती आला की आधी बघा: अर्क कधी दिला, किती दिला, आणि एरंडेलाखेरीज दुसऱ्या कशावर तो तपासला का. शीर्षक त्यानंतर वाचलंत तरी चालेल.