‘हट्टी बाई’ की दुसरं मत? पंडिता रमाबाईंची पत्रं वाचताना

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. संशोधनात ‘आपला दृष्टिकोन’ म्हणजे नक्की काय, आणि तो खरंच आपला आहे की कुठल्या संदर्भग्रंथातून नकळत उचललेला, हे ओळखायचं कसं? व्याख्या देत बसण्यापेक्षा आज एका पुस्तकाबद्दल बोलते. या पुस्तकाने मला दोनदा तोंडघशी पाडलंय.

पुस्तक आहे पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचं. सिस्टर जेराल्डीन यांनी जमवलेली आणि अ. भि. शहा यांनी संपादित केलेली ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली. रमाबाईंवर काम करणाऱ्या कोणालाही ती टाळता येत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी. १८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू आणि शिकवू लागल्या. १८८६ च्या सुरुवातीला, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, त्या अमेरिकेला निघाल्या. मधल्या काळात सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा लांबलचक वाद झाला. देव एक की त्रैक्य? येशूचं देवपण कशावरून मानायचं? चर्चचे मतांगीकार, म्हणजे ‘आम्ही अमुक मानतो’ असं सांगणारी ठरीव वचनं, जशीच्या तशी स्वीकारलीच पाहिजेत का? आणि मनोरमेला यातलं काय शिकवायचं? गंमत म्हणजे रमाबाई जेराल्डीनना पत्रात ‘आजीबाई’ म्हणायच्या. वाद घरातल्यासारखा होता, म्हणून जास्त लागणारा.

आता माझी चूक. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, की रमाबाईंनी ख्रिस्ती सिद्धांत पुरता समजून न घेता बाप्तिस्मा घेतला, म्हणून पुढे शंका आल्या. मला तेव्हा हे माझंच मत वाटत होतं. खरं तर ते जेराल्डीनबाईंचं होतं. या संग्रहात पत्रांच्या जोडीने त्यांची टिपणंही आहेत, आणि त्यांत रमाबाईंच्या शंकांचं कारण म्हणून गर्व, हट्ट अशा गोष्टी पुढे येतात. वाचता वाचता ते शब्द आपल्या डोक्यात घर करतात. वादातल्या एका पक्षानेच दप्तर बांधलंय, हे मी विसरले होते.

पण त्यांच्यावर अन्याय नको. त्यांनी स्वतःला अडचणीत आणणारी पत्रंही जपली. ती फाडली असती तर आज रमाबाईंची बाजू आपल्याला कळलीच नसती. दप्तर एकतर्फी असूनही प्रामाणिक असू शकतं, हे मी इथे शिकले.

मसुदा परत आला. मग मी दुसऱ्या टोकाला गेले. गौरी विश्वनाथन यांचं ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) आणि मीरा कोसंबी यांचं लेखन वाचलं आणि ठोकून दिलं, की हे वसाहतवादी चर्चविरुद्ध एका भारतीय स्त्रीचं बंड होतं. याला आधार भरपूर आहे. रमाबाईंनी पुरुषांना शिकवावं का, यावर बिशप मंडळी आपापसात मतं देत होती. सिस्टर्सच्या क्रॉसवर लॅटिनच का, संस्कृत का नको, असं रमाबाईंनी विचारलं होतं. सत्ता, वंश आणि लिंगभाव यांच्याशिवाय हा वाद कळत नाही, हे या अभ्यासकांनी दाखवून दिलं आणि ते पक्कं आहे. पण माझ्यासारखे विद्यार्थी त्यातून एवढंच उचलतात, की सिद्धांत हे निमित्त होतं, खरं भांडण सत्तेचं होतं.

यावर गाईड मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आधी तू जेराल्डीनबाईंचं ऐकलंस, आता समीक्षकांचं. पण दोघी ज्यावरून भांडतायत, ते चर्चचं पुस्तक उघडलंस का?”

नव्हतं उघडलं. उघडलं तेव्हा चित्रच बदललं.

चर्च ऑफ इंग्लंडची ३९ कलमं १५७१ साली अंतिम झाली. त्यातलं ६ वं कलम सांगतं, की तारणासाठी लागणारं सगळं पवित्र शास्त्रात आहे. जे तिथे वाचायला मिळत नाही किंवा त्यावरून सिद्ध होत नाही, ते मानण्याची सक्ती कोणावर करू नये. पण ८ वं कलम म्हणतं, की निकीयाचा, अथनेशियसचा आणि प्रेषितांचा हे तिन्ही मतांगीकार पूर्णपणे स्वीकारावेत, कारण ते शास्त्रावरून सिद्ध होतात. आणि २० व्या कलमात, विश्वासाविषयीच्या वादात चर्चला अधिकार आहे असं म्हटलंय, मात्र शास्त्राविरुद्ध काही ठरवण्याचा नाही.

आता पत्रं पुन्हा वाचा. रमाबाईंचा एकूण पवित्रा असा, की मला शास्त्रात दाखवा, माझ्या बुद्धीला पटू द्या, मग मानते. म्हणजे त्या ६ व्या कलमावर उभ्या आहेत. जेराल्डीन ८ व्या आणि २० व्या कलमांवर. दोघींच्या पायाखाली एकच दस्तऐवज आहे! ‘शास्त्रावरून सिद्ध होतात’ असं म्हटलं, पण सिद्ध झालं हे ठरवायचं कोणी? वाचणाऱ्याने की चर्चने? कलमांनी ही फट पूर्ण बुजवलेली नाही. रमाबाई नेमक्या त्या फटीत बोट घालत होत्या. ‘समजलं नाही’ हे माझं वाक्य इथेच कोसळलं.

शिवाय हा प्रश्न बाहेरून आलेल्या एका बाईचाही नव्हता. अथनेशियसच्या मतांगीकारात, हा विश्वास न धरणाऱ्याचा नाश होईल अशी वाक्यं आहेत. ती उपासनेत म्हणावीत का, यावर १८७२-७३ मध्ये इंग्लंडमध्येच मोठा गदारोळ झाला होता. रमाबाई त्यानंतर दहा वर्षांनी तिथे पोचल्या. इंग्रज धर्मपंडितांनी विचारलं तर ‘मतभेद’ आणि रमाबाईंनी विचारलं तर ‘गर्व’, हा फरक का पडला? सत्तेचं विश्लेषण इथे कामाला येतं, पण सिद्धांत वाचल्यानंतर. आधी नाही.

आता दुसरी बाजूही तिच्या ताकदीनिशी मांडायला हवी. वाँटेजचा मठ १८४८ चा, ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावातला. त्या परंपरेत मतांगीकार म्हणजे वाचून काढलेला निष्कर्ष नाही, तो पिढ्यान् पिढ्या हाती आलेला ठेवा आहे. त्या ठेव्याच्या उजेडातच शास्त्र वाचायचं. त्यात प्रौढांच्या बाप्तिस्म्याच्या विधीत प्रेषितांच्या मतांगीकारावर प्रश्न विचारतात आणि उमेदवार ‘मी हे मानतो’ असं उत्तर देतो. रमाबाईंनी ते दिलेलं होतं. मग जेराल्डीनना शब्द मोडल्यासारखं वाटलं, यात नवल नाही. रमाबाईंच्या लेखी मात्र त्या ‘हो’चा अर्थ, मला समजलं तेवढ्याला हो, असा होता. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोघी आपापल्या जागी खऱ्या. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांचा सूर वेगळा होता. शंका ही विश्वासाकडे जाणारी वाट असू शकते, असं समजून त्या युक्तिवाद करतात. म्हणजे एकाच चर्चमध्ये, एकाच वेळी, तीन भूमिका.

‘बंडखोर रमाबाई’ या मांडणीची खरी परीक्षा पुढे होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ख्रिस्ताचा नव्याने अनुभव आला, असं त्यांनी १९०७ सालच्या इंग्रजी साक्षीत सांगितलंय. शंका घेणाऱ्या रमाबाई कळकळीच्या इव्हँजेलिकल झाल्या. केवळ बंडच शोधणाऱ्याला हा भाग अवघड जातो. तो गाळायचा मोह मलाही झाला होता. पण नीट पाहिलं तर सिद्धांत बदलले तरी रीत तीच राहिली, शास्त्र स्वतः वाचायचं. ती रीत त्यांनी शेवटपर्यंत नेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे मला त्यांच्याशीही थोडं भांडायचंय. भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक ओळीत शब्द निवडावा लागतो, आणि निवड म्हणजेच अर्थ लावणं. दुसऱ्याने लावलेला अर्थ नाकारून सुरू झालेला प्रवास, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हाती रमाबाईंनी लावलेला अर्थ देऊन संपतो. मधल्या माणसाशिवाय शास्त्र वाचता येतं का? रमाबाईंचं भाषांतरच सांगतं, की अवघड आहे. यात त्यांचा कमीपणा नाही, पण १८८५ मधला जेराल्डीनबाईंचा मुद्दा इतकाही पोकळ नव्हता, हे कबूल करावं लागतं.

तर संशोधनाची तयारी करणाऱ्यांनो, तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक, साधनसंग्रह हातात घेतला की तो कोणी बांधला ते आधी पाहा. दोन, वाद ज्या मूळ मजकुरावरून आहे तो उघडा. इथे तो समीक्षाग्रंथांत नव्हता, ३९ कलमांत होता. तीन, ज्या पक्षाचं तुम्हाला पटत नाही त्याची बाजू अशी लिहा, की त्याने वाचून ‘हो, मी हेच म्हणत होतो’ म्हणावं. त्यानंतरच स्वतःचं मत मांडा.

माझं प्रकरण तिसऱ्यांदा लिहून झालंय. शीर्षकातला ‘बंड’ हा शब्द काढून तिथे ‘वाचन’ घातलाय. मॅडमनी अजून काही म्हटलेलं नाही, पण या वेळी वही परत आली तेव्हा समासात प्रश्नचिन्हं कमी होती.