विनेबेगोचा उजळ चौकोन

उजेड खालून येतो. खोपटाचं दार लावलं, फटींवर काळं कापड ओढलं की आधी गडद काळोख होतो. मग पायाशी कापलेला चौकोन हळूहळू उजळू लागतो, कधी हिरवट, कधी चहाच्या फिक्या पाण्यासारखा पिवळसर. बाहेरचं ऊन आसपासच्या बर्फातून झिरपून पाण्यात उतरतं, तिथे विखुरतं आणि या एकाच झरोक्यातून वर येतं. आत अंधार असल्यामुळे पाण्यावर कशाचं प्रतिबिंब पडत नाही. पाण्याला पृष्ठभाग आहे हेच डोळ्यांना जाणवेनासं होतं आणि नजर थेट तळाला टेकते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबेगो नावाचं तळं आहे. लांबी सुमारे 45 किलोमीटर, रुंदी सुमारे 16, आणि एवढ्या पसाऱ्याला खोली सगळ्यांत जास्त म्हणजे 21 फूट. फेब्रुवारीत या गोठलेल्या तळ्यावर हजारो माणसं अशाच चौकोनांच्या काठी भाला घेऊन बसतात आणि स्टर्जन माशाची वाट पाहतात. या प्रथेवर लिहिलं जातं ते बहुधा माशाच्या वजनाबद्दल. 2010 साली इथे 212.2 पौंडांचा, म्हणजे 96 किलोंचा आणि सात फूट लांबीचा स्टर्जन मिळाला होता, तो आकडा सांगितल्याशिवाय कुणाचा लेख पुरा होत नाही. मला मात्र हा सगळा सोहळा बघण्याच्या कलेचा वाटतो. तो तसाच वाचला तर त्याची बारीक कलाकुसर दिसते.

तळ्याचा उथळपणा ही या कलेची पहिली अट. वीस फूट खोलवरचा तळ दिसू शकतो, साठ फुटांवरचा दिसणार नाही. दुसरी अट पाण्याची नितळता, आणि ती माणसाच्या हातात नाही. शरद ऋतूत वारा किती घुसळण करतो, बर्फ कधी धरतो, वितळलेलं पाणी ओढ्यांतून गाळ आणतं की नाही, यावर त्या वर्षीचा चौकोन ठरतो. काही वर्षी तळावरचा शिंपला ओळखता येतो. काही वर्षी हातभर खाली धुकंच धुकं. जाणकार मंडळी जानेवारीपासून एकमेकांना विचारत असतात ती मासे किती आहेत हे नाही, पाणी किती फुटांपर्यंत दिसतंय हे.

तळ स्वच्छ दिसावा म्हणून त्याची मांडणी करावी लागते. गाळाचा रंग करडा आणि माशाची पाठही करडी. वरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच. पूर्वी लोक खाली मक्याचे दाणे आणि अंड्यांची टरफलं टाकत. हल्ली दोरी बांधलेल्या पांढऱ्या थाळ्या किंवा पांढऱ्या पाइपची फुली सोडतात, म्हणजे हंगाम संपला की वर ओढून घेता येते. पांढऱ्यावरून काही सरकलं की ते सरकणं कळतं. चित्रकार आकृती उठावी म्हणून आधी पार्श्वभूमी तयार करतो, त्याच जातीचा हा विचार आहे आणि शेतकऱ्यांनी, कारखान्यातल्या कामगारांनी तो पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या अनुभवातून घडवला आहे.

यानंतर येतो तो लाकडी मासा, आणि इथे थांबायलाच हवं. बर्फाखालच्या भाल्याच्या मासेमारीत पाण्यात सोडायचा फसवा मासा हे उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांच्या प्रदेशाचं फार जुनं लेणं आहे. तिथल्या ओजिब्वे जमातीचे लोक तो कोरत आले. मिशिगन राज्यातल्या कॅडिलॅक गावच्या ऑस्कर पीटरसन (1887–1951) यांनी असे हजारो मासे कोरले आणि आज ते लोककलेचे नमुने म्हणून संग्राहकांकडे मानाने राहतात. लाकडाचा तुकडा, पोटात ओतलेलं शिसं, पत्र्याचे पर. शेपटी किंचित वळवलेली असते, कारण दोरीला हलका झटका दिला की त्या वळणामुळे मासा गोल घिरटी घेतो. मूर्ती हातात घेऊन पाहिली तर ती अर्धीच दिसते. तिचा उरलेला अर्धा भाग पाण्यातल्या चालीत आहे.

पण पाइक माशासाठीचं लाकडी सोंग आणि स्टर्जनसाठीचं सोंग यांत मोठा फरक आहे. पाइक हा शिकारी. त्याला भक्ष्य दाखवावं लागतं, म्हणून तिथे कारागिराला खऱ्या माशाशी इमान राखावं लागतं. स्टर्जनला दात नाहीत. तोंड खालच्या बाजूला, नळीसारखं पुढे येणारं. चार मिश्यांनी गाळ चाचपत तो चिलटांसारख्या माश्यांच्या लाल अळ्या ओढून घेतो. समोर लटकणारा लाल-पांढरा लाकडी मासा त्याचं अन्न असूच शकत नाही. तरीही तो येतो. का येतो, याचं उत्तर तळ्यावरचे लोक ‘कुतूहल’ असं देतात. मला ते उत्तर फार आवडतं. त्यामुळे कारागिराची अनुकरणातून सुटका झाली. कुणी पट्ट्यापट्ट्यांचा मासा रंगवतो, कुणी जगात नसलेल्या रंगांचा, कुणी सरळ बोलिंगच्या खेळातली बाटलीसारखी खुंटी दोरीला बांधतो. ज्याच्यासाठी हे केलं त्याने थांबून बघावं, एवढीच अपेक्षा. वर माणूस कुतूहलाने खाली बघतोय आणि खाली मासा कुतूहलाने लाकडाकडे. आपल्या रसशास्त्राच्या भाषेत, भाला हाती असूनही इथला स्थायीभाव उत्साह नाही, विस्मय आहे.

शिकारीची रोजची वेळ सकाळी 7 ते दुपारी 1, पण किती हंगाम बसावं याला मर्यादा नाही. परवाने दहा हजारांवर जातात आणि त्यातल्या बहुतेकांना त्या वर्षी काहीच मिळत नाही. एकही मासा न मिळता दहा-वीस हंगाम बसलेली माणसं या काठांवर आहेत, आणि ती पुढच्या फेब्रुवारीतही बसतात. शेगडीची ऊब, थर्मासमधली कॉफी, शेजारी वडील किंवा लेक. बोलायला भरपूर वेळ असतो, फक्त बोलताना एकमेकांकडे बघायचं नाही. दोघांचीही नजर खाली.

आणि मग तो येतो. आवाज नाही, बुडबुडा नाही. चौकोनाच्या एका कडेतून लाकडाच्या ओंडक्याएवढी काळी आकृती आत सरकते. पाठीवर हाडांच्या ढालींची रांग. हे घराणं डायनॉसोरांच्या काळापासून पाण्यात आहे आणि त्याचं शरीर तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. पाण्यात वस्तू असते त्याहून जवळ आणि म्हणून मोठी वाटते, शिवाय 36 इंचांखालचा मासा मारता येत नाही. तेव्हा पाहणारा आधी मोजतो: आपल्या लाकडी माशाची लांबी त्याला पाठ असते, तिच्याशी ताडून बघतो. मासा चौकोनात काही सेकंदच असतो. भाला जड, अनेक दात्यांचा, फळाला दोरी बांधलेली. तो भिरकावायचा नसतो, डोक्याच्या मागे नेम धरून खाली सोडायचा असतो. नजर सरळ खाली असली की पाण्यामुळे आकृती बाजूला सरकत नाही. कडेला असली की सरकते. अनुभवी माणूस म्हणून मासा मध्यावर यायची वाट पाहतो. वर्षानुवर्षांच्या बघण्यातून कमावलेला हा धीर आहे.

चौकोनाचं क्षेत्रफळ 48 चौरस फुटांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. लांब पात्याच्या करवतीने बर्फ कापतात आणि सुटलेली प्रचंड लादी बांबूंनी दाबून बाजूच्या बर्फाखाली ढकलून देतात. पण इतकं सामान तळ्याच्या मध्यापर्यंत जातं कसं? गाडीने. तळ्यावर रस्ते असतात. ऑशकॉशच्या ऑटर स्ट्रीट फिशिंग क्लबसारखी मंडळं दर हिवाळ्यात ते आखतात, बर्फ हटवतात, आणि नाताळ उलटल्यावर घराघरांतून टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं दोन्ही बाजूंना रोवतात. हिमवादळात आकाश आणि तळं एकाच रंगाचं झालं की त्या हिरव्या खुणांवरूनच घर सापडतं. बर्फाला मैलभर लांबीच्या भेगा पडतात, त्या उघडतात, मिटतात, कडा एकमेकींवर चढतात. अशा ठिकाणी मंडळाची माणसं लोखंडी-लाकडी पूल आणून टाकतात आणि भेग सरकली की पूलही सरकवतात. दर काही दिवसांनी बदलणारा हा नकाशा स्वयंसेवक सांभाळतात. मला हे काम भाल्याइतकंच सुंदर वाटतं.

बर्फावर गाडी चालवणं हेही बघण्या-ऐकण्याचंच काम. पायी जायला 4 इंच बर्फ पुरतो, पिकअपला निदान 12 ते 15 लागतात, तेही काळसर, काचेसारखा बर्फ असेल तर. हिम मिसळून झालेल्या पांढऱ्या बर्फाची ताकद निम्मी. गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि खाली पाण्यात एक लाट तिच्याबरोबर धावते. उथळ पाण्यात त्या लाटेचा वेग कमी असतो, विनेबेगोच्या सरासरी खोलीला ताशी सुमारे 25 किलोमीटर. गाडीने तोच वेग गाठला तर लाट वाढत जाते आणि बर्फ फोडू शकते. म्हणून जाणती माणसं सावकाश चालवतात, सीटबेल्ट सोडून, काचा खाली करून. खाली केलेल्या काचेतून बर्फाचं बोलणंही ऐकू येतं. थंडीने आकसताना तो गडगडतो, आणि नवख्याला भीती वाटते ती नेमकी याच चांगल्या आवाजाची.

हिवाळा उबदार झाला की हे सगळं डळमळतं. 2024 मध्ये बर्फ नीट धरलाच नाही, आणि कित्येकांना पिकअप काठावरच ठेवावी लागली.

मारलेला प्रत्येक स्टर्जन त्याच दिवशी नोंदणी केंद्रावर न्यावा लागतो. पूर्व काठावरच्या स्टॉकब्रिजसारख्या छोट्या गावांत त्या दुपारी जत्रा भरते. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे जीवशास्त्रज्ञ लांबी, वजन, नर की मादी, पोटात काय, हे लिहून घेतात. नर, प्रौढ मादी आणि अल्पवयीन मादी यांच्या वेगवेगळ्या मर्यादा ठरलेल्या असतात, आणि कोणतीही एक भरत आली की सोळा दिवसांचा हंगाम तिथेच थांबवतात. कारण मादी वीस-पंचवीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालते आणि नंतर तीन ते पाच वर्षांतून एकदा. 1915 मध्ये स्टर्जनची मासेमारी इथे बंद करावी लागली होती. भाल्याचा हंगाम 1932 मध्ये पुन्हा सुरू झाला. 1977 पासून ‘स्टर्जन फॉर टुमॉरो’ ही भालेवाल्यांचीच संस्था संशोधनाला पैसे पुरवते. एप्रिलच्या सुमारास मासे वुल्फ नदीत अंडी घालायला चढतात तेव्हा काठावर रात्रंदिवस राखण करणाऱ्या स्वयंसेवकांत फेब्रुवारीतले कितीतरी चेहरे दिसतात.

याच नदीच्या वरच्या अंगाला, केशेना धबधब्याशी, मेनॉमिनी जमातीच्या लोकांचं स्टर्जनशी नातं या सगळ्या नियमांहून कितीतरी जुनं आहे. उपाशी हिवाळ्यानंतर वसंतात येणारा हा मासा त्यांचं पहिलं अन्न होता. शावानोपाशी बंधारे झाले आणि त्याची वाट अडली. गेल्या काही दशकांत खातं आणि जमात मिळून काही मासे बंधाऱ्यापलीकडे नेऊन सोडतात, आणि मेनॉमिनींचा वसंतातला स्टर्जनचा उत्सव पुन्हा भरतो. विनेबेगोचं रसग्रहण केशेनाशिवाय अपुरं राहील, कारण भाल्याच्या चौकोनातून जाणारा मासा तिथल्याच पाण्याच्या ओढीने वाढलेला असतो.

कुणाला हे बघायला जायचं असेल तर फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, हंगामाचा पहिला दिवस, गाठावा. बहुतेक पाहुणे दुपारी नोंदणी केंद्रावर जातात, टांगलेल्या माशांचे फोटो काढतात आणि परततात. माझा सल्ला असा की ओळख काढून सकाळी सातच्या आत एखाद्या खोपटात जागा मिळवावी, फोन खिशात ठेवावा, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पहिली पंधरा मिनिटं यजमानाला काहीही विचारू नये.