शिखरावर एक आठवडा, यादीत ७४१

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३मध्ये आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा होता. पण १९८८पर्यंत त्याने त्या यादीत ७४१ आठवडे काढले. या टिकाऊपणाचे श्रेय बहुधा ध्वनिमुद्रणाला दिले जाते. मला ते अपुरे वाटते. नाण्यांच्या खणखणाटाची जोडलेली टेप, सिंथेसायझर ही तेव्हाची नवलाई आज घरच्या संगणकावर जमते. तंत्र शिळे होते. मग श्रोता परत का येतो?

उत्तर मला आवाजांच्या निवडीत दिसते. अ‍ॅबी रोड स्टुडिओत रॉजर वॉटर्सने वेड, हिंसा, मृत्यू यांविषयीचे प्रश्न कार्डांवर लिहून अनेकांना विचारले. पॉल मॅकार्टनीची उत्तरे वगळली गेली; स्टुडिओचा दरवान जेरी ओ’ड्रिस्कॉल याचा आवाज मात्र अल्बमच्या अखेरीस राहिला. प्रसिद्ध माणूस गेला, साधा माणूस उरला. श्रोत्याला तिथे आपली जागा सापडते.

निसटत्या वेळेवर लिहिणारा वॉटर्स तेव्हा तिशीचाही नव्हता. तेच गाणे विशीत इशारा वाटते, पन्नाशीत हिशेब. म्हणून या कीर्तीला मी निव्वळ स्मरणरंजन म्हणणार नाही. अल्बम तोच राहतो. वय ऐकणाऱ्याचे वाढते.